शाळेचा डबा आणि पाकिटाची मागची बाजू: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्या पालकांसाठी

मूल शाळेत जायला लागलं आणि घरही नुकतंच ठाण्यात किंवा नवी मुंबईत हललं असेल, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्वयंपाकघराचा ताबा नकळत पाकिटांकडे जातो. घोडबंदर रोडला शाळेची बस सव्वासहालाच गेटवर येऊन उभी. दोघंही नोकरीला, भाजीवाला अजून ओळखीचा झालेला नाही, गिरणी कुठल्या गल्लीत आहे ते माहीत नाही, आणि फोनवर मागवलेला ब्रेड दहा मिनिटांत दारात. मग सकाळी ब्रेड-जॅम, मधल्या सुट्टीला बिस्किटं, दुधात पावडर, संध्याकाळी नूडल्स. यात आळस कुणाचाच नसतो. सोय हाताशी असते, एवढंच.

माझा सल्ला सरळ आहे. रोज येणारं पाकीट आधी बदला, कधीतरी येणाऱ्याच्या मागे लागू नका. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं: वाढदिवसाच्या केकवरून मुलाला भाषण ऐकावं लागतं आणि रोज सकाळी दुधात पडणाऱ्या दोन चमच्यांकडे कुणी बघतही नाही.

पायरी १: कपाट उघडा, चार ढीग करा

प्रक्रिया झाली की वाईट, असं धरून चाललात तर घरात काहीच उरणार नाही. गहू दळणं, दूध विरजणं, कैरीचं लोणचं घालणं, गच्चीवर कुरडया वाळवणं या सगळ्या प्रक्रियाच आहेत. म्हणून प्रक्रिया किती झाली आणि कशासाठी झाली, हे बघायचं. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये यासाठी एक वर्गवारी मांडली. ती 'नोव्हा' या नावाने ओळखली जाते. तिचे चार गट आपल्या फडताळात अगदी सहज सापडतात.

पहिल्या गटात जसंच्या तसं किंवा जेमतेम हात लागलेलं अन्न येतं: भाजी, फळं, अंडी, मासे, दूध, साधं दही, डाळी, तांदूळ, गव्हाचं पीठ, पोहे, रवा, नाचणी, शेंगदाणे. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूधही यातच. दुसऱ्या गटात स्वयंपाकाला लागणारे जिन्नस: तेल, तूप, मीठ, साखर, गूळ. या दोन गटांच्या मेळातून तिसरा गट तयार होतो. त्यात लोणचं, खारे शेंगदाणे, पनीर, साधा पाव असे पदार्थ येतात. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा, ज्यांना हल्ली सगळेच अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणतात. क्रीमची बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, रंगीत सीरिअल, पाकिटातले चिप्स-कुरकुरीत प्रकार, कोल्ड्रिंक, फ्रोझन नगेट्स, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी.

चौथा ढीग बाजूला काढा, पण फेकू नका. त्यातलं रोज काय वापरलं जातं ते वेगळं करा. सहसा तीन-चार वस्तूच निघतात. काम तेवढ्याच वस्तूंवर करायचं आहे.

हा गट वेगळा का धरायचा, याला चांगला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हींमध्ये समोर ठेवलेली साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटांच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजनही वाढलं. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अभ्यास मोठ्यांवर होता हे खरं, पण चिप्सचं पाकीट अर्ध्यावर सोडणारं मूल तुम्ही पाहिलंय का?

पायरी २: पाकीट उलटं करा

पुढच्या बाजूला शेतकरी, दुधाचा ग्लास, गव्हाची लोंबी, उड्या मारणारी मुलं असतात. त्यातलं काहीही वाचू नका. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी शोधा. बारीक अक्षरांत असते, शिवणीच्या दुमडीत दडलेली असते, पण कायद्याने द्यावीच लागते. वजनाने जो घटक सर्वांत जास्त तो पहिला, असा तिचा क्रम. त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी बरंच कळतं. पुढच्या बाजूला 'दूध' आणि यादीत रिफाइन्ड गव्हाचं पीठ, साखर, पामतेल या क्रमाने, तर तुम्ही मैदा, साखर आणि पामतेल विकत घेताय. दूध यादीच्या शेवटी कुठेतरी भुकटीच्या रूपात सापडेल. रिफाइन्ड गव्हाचं पीठ म्हणजे मैदाच, हे लक्षात ठेवा. ब्राऊन ब्रेडचंही तसंच. रंग कॅरॅमलचा असू शकतो, त्याचा क्रमांक १५०. संपूर्ण गव्हाचं पीठ किती टक्के, ते यादीत कंसात लिहिलेलं असतं. तो आकडा बघा, पावाचा रंग नको.

साखर एका नावाने येत नाही. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, फळांचा कॉन्सन्ट्रेट ही सगळी तिचीच भावंडं, आणि माल्टोडेक्स्ट्रिन हा स्टार्चचा प्रकार असला तरी शरीरात त्याचं झटपट ग्लुकोजच होतं. तीन नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि साखर कमी असल्यासारखं वाटतं.

मग आकडे येतात. आयएनएस ३२२, ४७१, ५०० वगैरे. पदार्थात वरून घातलेल्या रंग, चव, टिकाऊपणासाठीच्या द्रव्यांचे हे आंतरराष्ट्रीय क्रमांक. हे बघून दचकायला होतं, पण प्रत्येक आकडा विष नसतो. ३३० म्हणजे लिंबात असतं तेच सायट्रिक आम्ल, ५००(ii) म्हणजे खायचा सोडा, ३२२ म्हणजे लेसिथिन. आकड्यांचा उपयोग वेगळा आहे. तुमच्या ओट्यावर कधीच नसणारे जिन्नस यादीत किती आहेत, ते त्यावरून कळतं. चव वाढवणारे ६२१, ६२७, ६३१, पिवळा-केशरी रंग देणारे १०२ आणि ११०, लाल १२२, गोडीसाठी ९५१ किंवा ९५५ असे चार-पाच एकत्र दिसले की तो पदार्थ चौथ्या गटातला. मी मुलाच्या हातात पाकीट देते आणि विचारते, "यातलं आपल्या घरी काय काय आहे?" दुसरी-तिसरीतल्या मुलाला हा खेळ आवडतो. दुकानात मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा मागच्या रांगेतली माणसं वैतागतात, तो भाग वेगळा.

शेवटी पोषणाचा तक्ता. इथे फसवाफसवी 'प्रति सर्व्ह' या रकान्यात होते. कंपनीची सर्व्ह म्हणजे दोन-तीन बिस्किटं, आणि मूल खातं सहा. नेहमी १०० ग्रॅमचा रकाना बघा आणि मुलाने खरंच किती खाल्लं त्याने गुणा. मीठ थेट लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा नूडल्सच्या लेबलवर १०० ग्रॅममागे १००० मिलिग्रॅम सोडियम आहे. ७० ग्रॅमच्या पाकिटात ७०० मिलिग्रॅम, म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, मुलांना त्याहून कमी. एका वाटीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त संपलं.

पाकीट असूनही चालण्यासारख्या वस्तूही निघतात. दुकानात मिळणारं इडली-डोशाचं तयार पीठ घ्या. यादीत तांदूळ, उडीद डाळ, मेथी, पाणी, मीठ एवढंच असेल तर बिनधास्त आणा. भाजणी, मेतकूट, नाचणी सत्त्व, कुरमुरे यांचंही तसंच. नौपाड्यातल्या जुन्या मराठी दुकानांत भाजणी सहज मिळते.

पायरी ३: सकाळच्या साखरेचा हिशोब

हा हिशोब कागदावर एकदा कराच. साखरेतून येणाऱ्या कॅलरी दिवसाच्या ५ टक्क्यांच्या आत असाव्यात, असा दंडक सीबीएसईने २०२५ च्या मे महिन्यात शाळांना पाठवलेल्या परिपत्रकातही आहे. त्याच परिपत्रकात असंही म्हटलं होतं की ४ ते १० वयाच्या मुलांत हे प्रमाण १३ टक्के आहे आणि ११ ते १८ मध्ये १५ टक्के. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात असं धरलं, तर ५ टक्के म्हणजे ८५ कॅलरी, म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम साखर. सपाट चार चमचे.

आता नेहमीची सकाळ बघा. दुधात पावडर दोन मोठे चमचे, २० ग्रॅम. लेबलवर १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅम साखर असेल तर ७ ग्रॅम झाली. वरून "गोड नाही लागत" म्हणून आणखी एक चमचा, ५ ग्रॅम. ब्रेडवर चमचाभर जॅम, १५ ग्रॅम. जॅममध्ये दोन तृतीयांश साखरच असते, म्हणजे १०. डब्याच्या छोट्या कप्प्यात चार-पाच बिस्किटं, त्यांची ६. बेरीज २८. शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत दिवसाचा कोटा ओलांडला, आणि एकही चॉकलेट खाल्लेलं नाही.

या पावडरींना हेल्थ ड्रिंक म्हणायची सवय आपल्याला जाहिरातींनी लावली. अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना असली पेयं त्या नावाच्या विभागातून काढायला सांगितलं ते यामुळेच.

पावडर एकदम बंद केली तर दूधच बंद होईल. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या आणि बरोबरीने वेलची, जायफळ, चिमूटभर हळद, कधी खजूर वाटून घाला. महिन्याभरात पावडरचा डबा मागे पडतो. मुलाला दूध आवडतच नसेल तर दही, ताक, नाचणीची आंबील द्या. दुधासाठी रोज भांडण व्हावं एवढं ते मोठं नाही.

पायरी ४: भाजी कुठून आणायची

ठाण्यात जांभळी नाका. तलावपाळीजवळच्या या बाजारात सकाळी लवकर गेलात तर भाजी ताजी आणि सोसायटीच्या गेटवरच्यापेक्षा स्वस्त मिळते. पावसाळ्यात येऊर, शहापूर, मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात: टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं, कर्टोली. नवख्याने शेवळं घेताना बरोबर काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, मागून घ्यावीत, नाहीतर घसा खाजतो.

"मावशी, काकडं राहिली."
"टाकलीत गं ताई, पिशवीच्या तळाशी बघ. उकळून त्याचं पाणी घाल भाजीत."

मुलांना मात्र सुरुवात कर्टोल्यांपासून करा. पातळ काचऱ्या, थोडं तेल, हळद, तिखट, मीठ, कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. चिप्सला सरावलेल्या जिभेला हा कुरकुरीतपणा ओळखीचा वाटतो.

नवी मुंबईत वाशीचं एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचा बाजार आहे. कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला असे पाच बाजार, सुकामेवा मसाला बाजारात. घाऊक बाजार असल्याने किलो-अर्धा किलोसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून पेटी आणली की सफरचंद, संत्री, डाळिंबं परवडतात. ताज्या मासळीसाठी बेलापूरजवळचं दिवाळे गाव आहे. रोजच्या भाजीला सेक्टरमधला बाजार पुरतो.

आल्या आल्या एक काम करा, गिरणी शोधा. ज्वारी, नाचणी, गहू दळून मिळाले की अर्धा डबा सुटतो.

पायरी ५: चार तास टिकणारा डबा

इथल्या दमट हवेत सकाळी सहाला भरलेला डबा साडेनऊ-दहाला उघडला जातो. ओलं खोबरं घातलेलं काहीही मे-जूनमध्ये आंबूस होतं, म्हणून चटणी सुक्या खोबऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची. गरम पोळी लगेच डब्यात कोंबली की तिला पाणी सुटतं. ताटात पसरून गार होऊ द्या, मग झाकण लावा. त्या दोन मिनिटांसाठी मूल बूट घालत असताना पोळ्या पंख्याखाली ठेवायच्या.

टिकणारे आणि हाताने खाता येणारे पदार्थ: भाजणीचं थालीपीठ छोट्या पुऱ्यांएवढं थापलेलं, मेथीचे पराठे, मूगडाळीचं धिरडं, मिनी इडल्या वर फोडणी देऊन, नाचणीचा डोसा गुंडाळून, उकडलेली अंडी (शाळेची परवानगी असेल तर), कोबीची भाजी आणि किसलेलं पनीर भरून पोळीची गुंडाळी. छोट्या सुट्टीच्या कप्प्यात फळ, किंवा उकडलेल्या शेंगा, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचा निरोप आला असेल तर शेंगा आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही वगळा.

बिनसायचं नेमकं ठिकाण म्हणजे रात्र. भाजी रात्री चिरलेली आणि कणीक मळलेली असेल तर सकाळी पंधरा मिनिटांत डबा होतो. नसेल तर ब्रेडच जातो. त्यामुळे डब्याचा निर्णय रात्री नऊला घ्यायचा, सकाळी साडेपाचला नाही. ज्या दिवशी काहीच झालेलं नाही, त्या दिवशी ब्रेड द्या, पण जॅमऐवजी बटाटा-काकडी-हिरवी चटणी घालून. केचपची पुडी टाकू नका. बहुतेक केचपच्या यादीत पहिल्या तीनांत साखर असतेच.

डबा अर्धा परत आला तर रागावण्याआधी विचारा, वेळ पुरला का. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत हात धुऊन, रांगेत बसून, गप्पा मारून सहा वर्षांचं मूल दोन पोळ्या संपवू शकत नाही. एक द्या, लहान तुकडे करून.

पायरी ६: घरी आल्यावरचा अर्धा तास

सगळा घोटाळा इथे होतो. कापूरबावडीच्या किंवा ऐरोलीच्या ट्रॅफिकमधून दोनला घरी पोचलेलं मूल भुकेने चिडलेलं असतं, आणि घरी आजी नाहीतर सांभाळणाऱ्या ताई असतात. त्यांच्या हाताला जे लागेल तेच मुलाला मिळणार. म्हणून चिप्सचा डबा वरच्या फळीवर आणि फळांची टोपली टेबलावर. साधं वाटतं, पण चालतं. पोहे-कुरमुऱ्याचा चिवडा, गूळ-शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, घट्ट दही, उकडलेलं रताळं यांतलं एक तयार असू द्या. उन्हाळ्यात ताडगोळे, जांभळं, करवंदं येतात. तेव्हा गोड पेयांची बाटली दारात येऊच देऊ नका. कोकमाचं सरबत घरी केलं तर साखर आपल्या हातात राहते.

सांभाळणाऱ्या ताईंना "हे देऊ नका" असं सांगून उपयोग होत नाही. काय द्यायचं ते फ्रिजच्या दारावर मराठीत लिहून लावा.

पायरी ७: शाळेशी बोला

हे बरेच पालक टाळतात, उगाच. चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला, त्यांची जाहिरात करायला एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांनी बंदी आहे. महाराष्ट्र सरकारनेही शाळेच्या कॅन्टीनमधल्या जंक फूडवर २०१७ मध्येच बंदी घातली होती. पालक-शिक्षक सभेत तक्रारीच्या सुरात न बोलता, "कॅन्टीनची यादी बघायला मिळेल का?" एवढं विचारा. सीबीएसईची शाळा असेल तर शुगर बोर्ड, म्हणजे साखरेची माहिती देणारा फलक, कुठे लावलाय तेही विचारा. वाढदिवसाला चॉकलेट-वेफर्सच्या पुडीऐवजी पेन्सिल किंवा बियांचं पाकीट वाटायचं, असं वर्गाने मिळून ठरवलं तर एकट्या मुलाला अवघडल्यासारखं होत नाही.

मूल महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर पहिली ते आठवीला दुपारचा पोषण आहार मिळतो. प्राथमिकला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, हे त्याचं ठरलेलं प्रमाण. गरम खिचडी-उसळ पाकिटापेक्षा केव्हाही बरी. वेगळा डबा देऊन मुलाला त्यातून बाजूला काढू नका.

पायरी ८: वडापाव, खारी आणि आजीची क्रीम बिस्किटं

नोव्हाच्या वर्गवारीची एक मर्यादा आहे, ती आधी सांगायला हवी होती असं कुणी म्हणेल. ती तेल-मीठ मोजत नाही. घरी तळलेली शंकरपाळी चौथ्या गटात बसत नाही म्हणून रोज वाटीभर खायची नसते. ठाण्यात राहून वडापाव वर्ज्य करणंही जमणार नाही, आणि मला ते पटतही नाही. बेसन, बटाटा, लसूण, पाव यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त आठवड्यातून एकदा, आणि त्या संध्याकाळी घरात दुसरं काही तळायचं नाही. गाडीवरचं तेल काळपट आणि धूर ओकत असेल तर पुढच्या गाडीवर जा.

बेकरीची खारी, टोस्ट, नानकटाई यांना बऱ्याचदा लेबलच नसतं. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्क्यांची मर्यादा आली, तरी बेकरीवाल्याला "भाऊ, वनस्पती तूप घालता की लोणी?" असं विचारायला हरकत नाही. थंड म्हणून दिलेल्या कपावर फ्रोझन डेझर्ट लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेल असतं. आइस्क्रीम द्यायचंच तर आइस्क्रीम द्या.

गावाहून आलेल्या आजी-आजोबांच्या पिशवीत नातवासाठी क्रीम बिस्किटांचे पुडे असतातच. त्यांच्यासमोर पुडा उलटा करून यादी वाचायची नाही. तो पुडा रविवारी सगळ्यांनी मिळून चहाबरोबर संपवायचा. पुढच्या वेळी गाडीत बसायच्या आधी फोन करायचा, "आई, येताना तुमच्या हातचे डिंकाचे लाडू आणि किलोभर भाजणी आणाल का? इथे तशी मिळत नाही." पुडा कदाचित तरीही येईल, पण भाजणी नक्की येते, आणि किलोभर भाजणीत महिन्याभराची थालीपिठं होतात.